आपाची बंद झालेली कॅप्सूल

बोन मॅरो ट्रान्सप्लांट झाल्यापासून मी कशावरच विश्वास ठेवत नाही. दूध आलं की आधी पातेल्यावर वाकून वास घेते. भाजी कुकरमधून निघाली तरी शिट्ट्या पुऱ्या झाल्या होत्या का, हे नवऱ्याला दोनदा विचारते. बरकतपुऱ्यातल्या आमच्या घरी कुणी भेटायला आलं, की माझं लक्ष त्याच्या बोलण्यापेक्षा त्याच्या नाकाकडे. "तू पोलिसात भरती व्हायला हवं होतंस," नवरा म्हणतो. म्हणू दे. भावाच्या पेशींवर नव्याने जगायला लागलेल्या बाईला साधी सर्दीही महागात पडते.

माझ्या संशयातून फक्त आपा सुटली होती.

आपा म्हणजे ट्रान्सप्लांटच्या वेळची माझ्या शेजारच्या खोलीतली पेशंट. तिच्या मुलाचं सुलतान बाजारात बांगड्यांचं दुकान आहे. त्या खोल्यांतून बाहेर पडायची सोय नव्हती, त्यामुळे मी तिला आधी ऐकलं आणि मग पाहिलं. "ये खिचडी है कि लेई?" असा खिचडीला खळ ठरवत तिचा नर्सशी वाद चालायचा आणि भिंतीच्या अलीकडे मी, ओकून दमलेली, पोट धरून हसायचे. पुढे तपासणीच्या बाकावर दोघी शेजारी आलो, दोघी टकल्या, दोघी मास्कमध्ये. आवाजावरून मी तिला लगेच ओळखलं.

तिथेच आमचं ठरलं की बाहेरचा पहिला चहा दोघींनी एकत्र प्यायचा. त्याआधी एकीनेही नाही. डॉक्टरांची अट एकच होती, आधी ती कॅप्सूल बंद व्हायला हवी. दुसऱ्याच्या पेशींनी आपल्या शरीराशी भांडू नये म्हणून ती देतात. तिचं पाकीट फोडलं की असा दर्प येतो, जसं स्पिरिटचं फडकं डब्यात कोंडून ठेवलंय. ज्याने ती खाल्ली, तो हा वास जन्मात विसरत नाही.

माझी कॅप्सूल बंद झाली तेव्हा मी आपाला भीतभीतच फोन केला.

"मेरी बी बंद हो गई, भाबी," ती म्हणाली. मी विचारायच्या आतच.

तिथेच मनात पाल चुकचुकली. आमची तपासणी नेहमी एकाच दिवशी असायची, पण हल्ली तिने दिवस बदलून घेतला होता. का, तर मुलाला सवड नसते. दुकान मुलाचं स्वतःचं, मग सवड कशी नाही? बरं, फोनवर ती हसतही जास्त होती. आपा टोमणे मारते, उगाच हसत नाही.

सुलतान बाजाराच्या कडेला एका इराणी हॉटेलात आम्ही सकाळी लवकर भेटलो, गर्दी नको म्हणून. तिच्या मास्कवरचे डोळे सुजलेले होते. "नींद ज्यादा हो गई," ती म्हणाली. वाफाळते कप आले. तिने रुमाल काढायला पर्स उघडली आणि टेबलापलीकडून तो दर्प आला. चहाच्या वासातूनही आला.

"आपा, आज सुबह खाए ना कॅप्सूल?"

"कौनसी?"

मी तिच्या पर्सकडे बघत राहिले. तिने पर्स हळूच मिटली.

"बंद थी. फिर चालू कर दिए," ती म्हणाली. "चमड़ी पे उठा, पेट में बी." म्हणजे पेशींचं भांडण पुन्हा सुरू झालं होतं.

"तो झूट कायकू बोले?"

"सच बोलती तो तुम बी रुक जाते. मेरी कब बंद होती, होती कि नई होती, अल्लाह को मालूम. तुम कित्ता रुकते?"

"और ये चाय? पीने वाले थे?"

"नई गे. मुँह तक लाके रख देती. तुम पीने में रहते, कौन देखता."

मी पाहिलं असतं, हे तिला ठाऊक असायला हवं होतं. मला तिचा भयंकर राग आला. आणि त्या रागाखाली भीती होती, की हिची कॅप्सूल कधी बंदच झाली नाही तर? मी कप बाजूला सारला आणि उठायला लागले.

तिने माझा हात धरला. "बैठो. मैं यहाँ तक तुमको पीते देखने आई."

मी बसले. मास्क हनुवटीखाली ओढला आणि कप उचलून सरळ तोंडाला लावला. वास घ्यायचा राहून गेला, हे घोट गिळल्यावर लक्षात आलं. आपा पापणी न हलवता माझ्याकडे बघत होती. तिच्या कपातल्या चहावर साय धरली होती.

"कैसी है?"

"शक्कर ज्यादा है," मी म्हटलं. "आपकी बारी को कम डालने बोलते."