हौदापाशी थांबलेले बैल

काल सिग्नलला नातवाची गाडी कापसाच्या ट्रॅक्टरमागं अडकली. तो हॉर्नवर हॉर्न वाजवून राह्यला होता, अन् मला मात्र त्या कच्च्या कापसाच्या वासानं लग्नानंतरची पहिली दिवाळी आठवली.

माहेरी जाफराबादला निघाले होते मी. मामंजींनी मंठ्याकडून कापसाची बैलगाडी जालन्याला आणली होती. मी कापसावर बसलेली, पण जीव सगळा जाफराबादच्या मोटारीत. जालन्याहून दिवसाला एकच सुटायची.

जालन्यात मस्तगडला आलो अन् बैल भर रस्त्यात थांबले. तिथं त्यांचा पाणी प्यायचा हौद होता. रहदारीला अडचण होते म्हणून तो नुकताच काढला होता, अन् त्याच जागी एक पोलीस उभा होता. त्यानं शिट्ट्या फुंकल्या, हात हलवले. बैल आपले त्याच्याकडं बघत उभे. मागं टांगे, सायकली, कुठल्याशा मोटारीचा भोंगा.

"अरे, हाका की बैल!"

मामंजी म्हणाले, "साहेब, हौद काढला हे यांना कुणी सांगितलं न्हाई. पाणी पिल्याबिगर हे बिलकुल हलायचे न्हाईत."

आता मोटार चुकली म्हणून मी पदरानं डोळे पुसू लागले. शेवटी पोलिसानंच हॉटेलातून बादली आणली. बैल निवांत प्यायले. तेवढ्यात मामंजींनी मागं पाहिलं अन् हसत सुटले.

"सूनबाई, उतर जल्दी! मघापासून भोंगा वाजवून राह्यली ती तुझीच मोटार हाय!"

नातू अजून चिडलेलाच होता. मी मात्र मान वळवून मागं अडकलेल्या एसटीची पाटी वाचत होते.