पालेमावशी आणि नकाशावरचा ठिपका

पालेमावशी मूठभर कुजका पाला नाकाशी धरायची, डोळे मिटायची आणि तो कुठला ते सांगायची. "ह्यो लेण्याच्या वाटंवरचा. ह्यो व्हळाकाठचा, उंबराखालचा." एकदा तिची परीक्षा घ्यायला मी चार पिशव्यांत चार ठिकाणचा पाला भरून नेला. चौथी हुंगून तिने नाक मुरडलं. "ह्यो तुज्या अंगणातला. साबनाचा वास येतोय."

कोंडाण्याच्या वरच्या ठाकरवाडीतली ही बाई मला पहिल्या दिवसापासून अगं-तुगं करायची. मी कर्जतला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते, पंचेचाळिशीची होते, आणि मला ते फार लागायचं. डोक्यावर खाकी टोपी, गळ्यात शिट्टी असा माझा थाट असे. शिट्टी कशासाठी होती, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

मी एका किड्याच्या मागे होते. तांदळाच्या दाण्याहून जरासा लांब, काळा, पंख इतके आखूड की अर्धी पाठ उघडीच. डिवचला की विंचवासारखी शेपटी वर करायचा. करायचा मात्र काहीच नाही. मावशीने त्याचं नाव 'आखूडबंडी' ठेवलं. वर दाट सावली, खाली ओला पाला, जवळ पाणी, हे तिन्ही असेल तिथेच तो राही, आणि असं एकच रान आम्हाला माहीत होतं, वाडीखालच्या ओहोळाकाठचं. मुंबईहून मागवलेल्या चाळणीने मी तासाभरात दोन पकडायची. मावशी सुपात पाला घेऊन खालून तीन टिचक्या मारायची, की सात धावत सुटायचे. "तू त्याला हुडकू नको गं बाय. सूप वाजव. त्यो आपला आपन बाहेर येतो."

ते रान खाजगी होतं. मालकाला ते तोडून बंगले बांधायचे होते. वाडीचं पाणी त्याच ओहोळाचं, म्हणून वाडीने हरकत घेतली. कर्जतला बैठक ठरली आणि तिथे माझा अहवाल मागवला गेला. त्या अहवालात मी एक वाक्य ठोकून दिलं होतं: हा किडा खालापूरकडेही, टोलनाक्याजवळच्या उघड्या शेतात मिळाला, म्हणजे तो या एका रानावर अवलंबून नाही. रानाबाहेर तो पाहणारी पहिली बाई मीच! माझं नाव छापून येणार होतं. त्या वाक्याने वाडीचं काय होईल, हे डोक्यात शिरायला टोपीने जागाच ठेवली नव्हती.

बैठकीच्या दिवशी सकाळी आठला मी वाडीवर गेले, मावशीला नकाशा दाखवून मिरवायला.

"ह्यो ठिपका कुटला?"

"खालापूरच्या अलीकडचा. शेताच्या बांधाला पाल्याचा ढीग होता, त्यात सापडला."

"बाजूला मोठी पाटी हाय, फटफटीच्या जाहिरातीची?"

"हो. तुला कसं ठाऊक?"

मावशी खाली बसली. "ती माज्या जावयाची शेती. तिकडं झाड नाय उरलं, म्हनून राबाला पाला मीच धाडते, दर साली टेंपोनं. ह्याच व्हळाचा. तू पाला कुटला ते इचारलंस का?"

मी विचारलं नव्हतं. भातरोपांच्या जागेवर पाला पसरून जाळतात, ती राबाची भाजणी मी लहानपणापासून पाहत आले होते. पण त्या शेताच्या आसपास एका बाभळीशिवाय झाड नाही, हे काही मला दिसलं नव्हतं. तरी तोंड वर करून म्हटलं, "आले असतील पाल्यातून, पण आता तिथे रुजलेही असतील."

"मग चल बघाया. आज भाजनी हाय त्या शेताची."

बैठक बाराला. पाला नेणाऱ्या टेंपोत मी घड्याळ बघत होते, मावशी रस्ता. टोलनाक्यापाशी ट्रकांच्या रांगेत पाऊण तास गेला. शेत दिसलं तेव्हा जावई काडी ओढतच होता.

"थांब रं!" मावशी धावत्या टेंपोतून ओरडली.

"मामी, वारा पडलाय तवर पेटवाया पायजे. वारा सुटला की आग बांधावर जाईल."

"अर्धा तास दे."

आम्ही गुडघे टेकून बसलो. पाटीच्या सावलीत पसरायचा उरलेला ढीग होता, त्याच्या तळाशी ओल होती. सुपाला टिचक्या मारताच अकरा आखूडबंड्या बाहेर आल्या. मग बांध उकरला, गेल्या वर्षी ढीग होता ती जागा उकरली, बाभळीचं बूड उकरलं. एक तरी निघ रे, म्हणून मी मनात देवाला विनवत होते. काही नाही. कोरडी माती आणि मुंग्या.

"धा वर्सं धाडते मी," मावशी हळू म्हणाली. "दर साली येत्यात, दर साली जळत्यात. आन् तू म्हनतीस, राहत्यात."

जावई काडेपेटी हातात धरून आमच्याकडे बघत होता.

"टोपी दे," मावशी म्हणाली.

तिने टोपीत ओला पाला घातला, अकराही जण त्यात सोडले, वर पदर धरला. त्या टोपीचा तेवढाच काय तो उपयोग झाला.

बैठकीत पोचलो तेव्हा सव्वाबारा झाले होते आणि मालकाचे वकील माझंच वाक्य वाचून दाखवत होते. मी चिखलाच्या हाताने पेन घेऊन नकाशावरचा ठिपका खोडला. वकील म्हणाले, "बाई, अहवालात एक आणि इथे दुसरंच?"

"तेव्हा मी नुसता पाला पाहिला होता," मी म्हटलं. "आज तो कुठून येतो ते पाहिलं."

मागच्या बाकावर मावशी मांडीवर टोपी सांभाळत बसली होती. कोण काय बोलतंय याकडे तिचं लक्ष नव्हतं. पाला सुकेल या काळजीत ती मधूनमधून तांब्यातलं पाणी शिंपडत होती.

मालकाला रान तोडायची परवानगी मिळाली नाही. माझं नावही छापून आलं नाही. पुढच्या वर्षी टेंपो भरायच्या आधी मावशी ओहोळाकाठी ठाण मांडून बसली आणि पाल्याचा एकेक भारा सुपात घेऊन वाजवू लागली. "उतरा रं बाबांनो, म्होरं जाळ हाय." ड्रायव्हर वैतागला. तिला दोन दिवस लागले.

मावशी जाऊन आता चार वर्षं झाली. सूप तिच्या लेकीने मला दिलं. भाजणीच्या आधी मी गुडघ्याला पट्टा बांधून ओहोळाकाठी जाते, भारे वाजवायला. मी तीन टिचक्या मारल्या की अजूनही दोनच बाहेर येतात.

"आजी, परत मार," मावशीची नात टेंपोपाशी उभी राहून सांगते. "आत आजून हायती."