पुढचं दार

"आता मरेपर्यंत मी पुढच्या दारानंच घरात येणार," पिट्सबर्गच्या पोलाद कारखान्यातून निवृत्त झाला त्या दिवशी ओंद्रेय हुदाक मला म्हणाला होता. आम्हा कामगारांचा जन्म आपापल्या घरात तळघराच्या दारानं ये-जा करण्यात गेला. भट्टीची काजळी तिथंच धुवायची, तिथल्याच बिनआडोशाच्या संडासावर बसायचं, मगच वर जेवायला जायचं.

या वर्षी त्याची मुलगी लुद्मिला नवऱ्यासह त्याच्याकडे राहायला आली. तळघरात भाडेकरूसाठी बाथरूम करू म्हणाली. म्हाताऱ्यानं स्वतः कोबा फोडला, चर खणला. मी पाइप धरत होतो, तो पाणसळ ठेवून उतार बघत होता.

"नीट धर की गाढवा! पाइप आहे तो, सॉसेज नाही."

लुद्मिला खाली आली. "बाबा, संडासाजवळ धरायला दांडा लावा. तुमचे गुडघे दुखतात."

"माझे गुडघे? इथं कोण राहणार आहे?"

"ओरडू नका. वरची खोली आम्हाला लागणार आहे. आणि तुम्हाला खालचं दार आहेच की वेगळं."

तिच्या मुस्काटात द्यावी असं मला वाटलं. ओंद्रेयनं पाणसळ चरात आपटली, तिची काच फुटली. मग कठड्याला धरून तो जिना चढला आणि पुढच्या दारानं निघून गेला.