आबांच्या अंगातलं बी

डॉक्टरांनी ‘बिया’ हा शब्द वापरला नसता, तर माझा निम्मा वैताग वाचला असता. आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, प्रोस्टेटमध्ये कॅन्सर निघाला होता. मुंबईच्या डॉक्टरांनी तिथं किरणोत्सारी बिया बसवल्या. पूर्वी रेडियमच्या सुया टोचून ठेवत आणि नंतर काढून घेत. आता या तांदळाएवढ्या बिया कायमच्या आतच राहतात, त्यांचा जोर हळूहळू ओसरतो, असं त्यांनी समजावलं. साक्रीकडे जन्मभर कोरडवाहू शेती केलेल्या आबांनी एवढंच विचारलं, “मंग उगी का?” म्हणजे, मग उगवेल का?

दोन महिने लहान मुलांना मांडीवर घ्यायचं नव्हतं. जळगावला माझ्या घरी आल्यावर आबांनी माझ्या पाच वर्षांच्या मुलीला सांगून टाकलं, की आपल्या अंगात बी पेरलंय. ती रोज दारातूनच त्यांच्या बोलीत विचारायची, “आबा, उगनं का?” आबा नकारार्थी मान हलवायचे. नोकरी, औषधं, तपासण्या यांत मी इतकी थकले होते, की दोघांची समजूत घालायचं राहूनच गेलं.

मुदत संपली त्या दिवशी मी तिला उचलून आबांच्या मांडीवर बसवायला गेले, तर तिनं अंग आखडून घेतलं. पेरलेल्या जमिनीवर पाय द्यायचा नाही, हे आबांनीच तिला शेतात शिकवलं होतं.

“आई, पेरेलवर कोनी बसस का?”

आबांनी पुढे केलेले हात मागे घेतले. “बराबर शे,” ते म्हणाले.