जिवंत बोलतोय

सकाळचे अकरा वाजले की सांतानकाका हात धुऊन रुमालाला पुसत, चष्मा काढून खिशात ठेवत, खुर्चीवरून उठून ताठ उभे राहत आणि मगच फोन लावत. पलीकडून कोणी बोलले की म्हणत, "सांतान लोपीस. जिवंत बोलतोय."

पहिल्या दिवशी प्रयोगशाळेतले आम्ही सगळे हसलो. दुसरा महिना उजाडला तेव्हा कोणी हसत नव्हते. अकराच्या सुमारास जो तो आपापल्या कामात मान खाली घाली.

वसईतल्या त्या रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत सांतानकाका तीस वर्षे तंत्रज्ञ होते. मी बोळिंजच्या फ्लॅटमधून तिथे जात असे, बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. झाले होते आणि वर्षभराचा अनुभव व प्रयोगशाळेच्या डॉक्टरांचे शिफारसपत्र घेऊन संशोधनासाठी परदेशी जायचे, हा माझा आराखडा ठरलेला होता. त्या आराखड्यात सांतानकाकांना जागा नव्हती. त्यांची कामाची पद्धत मला वेळखाऊ वाटे. नळीवरचे नाव ते मोठ्याने वाचत, मग समोरच्या माणसाला विचारत, "कोणाचा कोण? तळ्याकडचा की चर्चच्या मागचा?" गोखिवऱ्याच्या कारखान्यातून आलेला कामगारसुद्धा यातून सुटत नसे. बिचारा गोंधळून आपल्या बापाचे नाव सांगे.

"नावाने मानूस कळत नाय, बाय," ते मला म्हणत. "आमच्या गावात थोरल्या मुलाला आजाचं नाव देतात. एका घरात दोन पास्कू, तीन घरांत पाच सांतान. नाव म्हणजे नुसतं दार. आत कोण राहतो ते विचारावं लागतं."

मला ही गावगप्पा वाटली. हीच माझी चूक.

नव्या शतकाच्या सुरुवातीला डॉक्टरांनी माझ्याच आग्रहावरून प्रयोगशाळेसाठी सॉफ्टवेअर घेतले. जुनी रजिस्टरे संगणकात भरण्याचे काम माझ्याकडे आले. रजिस्टरांत फक्त नाव आणि गाव असे, वय बहुधा नसे. भरणे संपले तेव्हा पडद्यावर एक चौकट उघडली: नाव व गाव समान असलेल्या नोंदी सापडल्या, त्या एकत्र कराव्यात का? माझ्या प्रशिक्षणाप्रमाणे एकच नोंद दोनदा असणे म्हणजे दोष. मी होकाराचे बटण दाबले. घरी जाताना टापटिपीचे समाधानही होते.

दुसऱ्या दिवशी सांतानकाकांनी दर तीन महिन्यांची स्वतःची तपासणी करायला घेतली. त्यांच्या हृदयाची एक झडप निकामी होत चालली होती आणि मुंबईच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया ठरली होती. मीच त्यांचे रक्त काढले. नळी हातात होती, अजून कोमट होती. मी नाव टाइप केले आणि पडद्यावर लाल अक्षरे आली: रुग्ण मृत. नमुना स्वीकारता येत नाही.

सांतान लोपीस नावाचे त्यांचे आजोबा सहा वर्षांपूर्वी वारले होते. रजिस्टरात त्यांच्या नावापुढे तांबड्या शाईत 'मयत' लिहिलेले होते. मी आजोबा आणि नातवाचा एकच माणूस केला होता, आणि तो मेलेला होता.

इतर जोड्या मी दोन दिवस बसून हाताने सोडवल्या. ही एक सुटेना, कारण मृताच्या नोंदीत कोणी फेरफार करू नये म्हणून सॉफ्टवेअरने तिला कुलूप घातले होते. ते कुलूप फक्त कंपनी उघडू शकत होती. म्हणून आम्ही कंपनीच्या मदत केंद्राला पहिला फोन केला. स्पीकर चालू होता, डॉक्टर शेजारीच उभे होते.

"सर, हे मर्ज कोणी केलं?" पलीकडच्या मुलीने विचारले.

मी आधी डॉक्टरांकडे पाहिले. सांतानकाकांनी माझ्याकडे एकदा पाहिले. "मी," ते म्हणाले. "सांतान लोपीस."

"आणि पेशंटचं नाव?"

"सांतान लोपीस."

"सर, सिस्टीममध्ये ते एक्सपायर दाखवतायत."

"म्हणून तर फोन केलाय, पोरी."

"ओके सर. एक्सपायर कधी झालात, तारीख सांगाल का?"

फोन ठेवल्यावर डॉक्टर काकांना बरेच बोलले. ते गेल्यावर मी विचारले, "काका, तुम्ही का घेतलंत अंगावर?"

"तुला पुढे शिकायचंय. डॉक्टरांची चिठ्ठी लागेल तुला. माझ्या नावावर आधीच एक मेलेला मानूस बसलाय, त्याच्या शेजारी तुझी चूक बसेल. जागा आहे."

मी आभार मानले. खरे सांगायला हवे होते. मी आभार मानले.

त्यानंतर रोज अकराचा फोन सुरू झाला. दर वेळी पलीकडचे नाव वेगळे असे. आवाज मात्र, मी शपथेवर सांगेन, एकच. सौम्य, घाई नसलेला, आणि आदल्या दिवसाचे काहीही न आठवणारा. तक्रार क्रमांक मागितला जाई. सगळी हकिगत पुन्हा पहिल्यापासून ऐकली जाई. "मशीन बंद करून चालू करा," असे सांगितले जाई. एकदा त्या आवाजाने मृत्यूचा दाखला मागितला. दाखला मेलेल्यांचा असतो आणि आपण जिवंत आहोत, असे काकांनी सांगितल्यावर तो म्हणाला, "मग सर, नातेवाईक कोणी असतील तर त्यांना लाइनवर द्या." काका फोन ठेवून आपल्या तळहाताकडे पाहत बसले. मग ते हलकेच म्हणाले, "एवढ्या वेळा विचारलं की मानसाला पन शंका येते, बाय."

मी उपाय सुचवला. नावात एक अक्षर वेगळे घालून नवी नोंद उघडायची, पाच मिनिटांचे काम होते. त्यांनी मान हलवली. "आजाचं नाव आहे, बाप्तिस्म्यात मिळालेलं. मशीनसाठी मोडायचं नाय."

नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी ते मला गावच्या दफनभूमीत घेऊन गेले. भर दुपार होती. थडग्याथडग्यांवर झेंडूची फुले आणि मेणबत्त्या होत्या. वारा पडला होता आणि ज्योती जराही हलत नव्हत्या. एका काळ्या क्रुसासमोर ते थांबले. त्यावर कोरले होते: सांतान लोपीस.

"लहानपणापासून बघतो हे," ते म्हणाले. "याआधीचा पण सांतानच. खाली तारीख वाढते, नाव तेच राहतं. तुझं मशीन काय नवीन करत नाय."

विनोद त्यांनी केला होता, पण हसले नाहीत. मीही हसले नाही.

रुग्णालयाला शस्त्रक्रियेपूर्वी त्यांचे मागच्या तीन वर्षांचे अहवाल हवे होते. ते आमच्याकडेच होते आणि आता त्यांतल्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर 'मृत' छापले जात होते. डॉक्टरांनी हाताने पत्र लिहून दिले. तिथल्या खिडकीवरच्या माणसाने ते वाचले, काकांकडे पाहिले, पुन्हा कागदाकडे पाहिले आणि म्हणाला, "मी मानतो हो. पण फाइल मानत नाही. छापील आणा." तारीख तीन आठवडे पुढे गेली. काकांनी मला हे सांगितले तेव्हा तक्रारीचे शब्द वापरले नाहीत. दुसऱ्या दिवशी अकराला फक्त जरा अधिक ताठ उभे राहिले. "सांतान लोपीस. जिवंत बोलतोय. जरा लवकर करा."

नव्या तारखेच्या आठ दिवस आधी, रविवारी, चर्चमधली मिस्सा आटोपून घरी आल्यावर ते पायरीवर बसले ते उठले नाहीत.

तीन आठवड्यांनी काय फरक पडला असता, हे मी हृदयरोगतज्ज्ञाला विचारले आहे. कदाचित काहीच नाही, असे तो म्हणाला. एकाच निरीक्षणावरून निष्कर्ष काढता येत नाही, हे मला ठाऊक आहे. ठाऊक असण्याचा उपयोग होत नाही. अंत्यविधीला मी गेले. त्याच क्रुसाखाली त्यांना ठेवले. महिन्याच्या स्मरणाच्या मिस्सेपर्यंत नावाखाली आणखी एक तारीख कोरली जाईल, असे त्यांचा मुलगा म्हणाला. नाव कोरायची गरज नव्हती.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, सकाळी अकरा वाजता, प्रयोगशाळेतला फोन आपण होऊन वाजला. मदत केंद्राने आम्हाला कधीच फोन केला नव्हता. सगळ्यांनी आधी घड्याळाकडे पाहिले, मग माझ्याकडे. मी फोन उचलला.

"मॅडम, सांतान लोपीस आहेत का? त्यांची कम्प्लेंट सॉल्व्ह झालीय. बघा, आता हयात दाखवेल."

मी नोंद उघडली. दोन सांतान वेगळे झाले होते. एकापुढे 'मृत', दुसऱ्यापुढे हिरव्या अक्षरांत 'हयात'.

"ते वारले," मी म्हणाले. "तीन आठवडे झाले."

पलीकडे कीबोर्डच्या कळांचा आवाज आला. "असं कसं, मॅडम? कालच्या तारखेला त्यांच्या कॉलची एंट्री आहे. परवाचीही आहे. रोज अकराची."

"काय म्हणाले ते?"

"रोजचंच. जिवंत बोलतोय."

याचे एक स्पष्टीकरण आहे. तिथे कोणी तरी फोन न घेताच आदल्या दिवसाची नोंद पुढच्या दिवशी उतरवत होते. तसे असेल, तर ते जिवंत असतानाही त्यांचे कोणी ऐकत नव्हते. दुसऱ्या स्पष्टीकरणाचा विचार माझे शास्त्र मला करू देत नाही. दोहोंतले अधिक भयंकर कोणते, हे मला आजही ठरवता आलेले नाही.

"मग कम्प्लेंट बंद करते हं," तो सौम्य आवाज म्हणाला. "फक्त चूक कोणाकडून झाली तो कॉलम कन्फर्म करा. सांतान लोपीस लिहिलंय. बरोबर?"

डॉक्टर त्यांच्या टेबलाशी बसलेले होते. माझे शिफारसपत्र त्यांच्यासमोर सहीसाठी ठेवलेले होते.

"नाही," मी म्हणाले. "ते नाव खोडा."

"मग कोणाचं लिहू?"

मी उठून उभी राहिले. चष्मा काढून एप्रनच्या खिशात ठेवला. समोरची सगळी माणसे धूसर झाली. काका तो का काढत असत, ते मला तेव्हा कळले.

"अनघा पाटकर," मी म्हणाले. "जिवंत बोलतेय."