भीमनगर कुठं आलं?

संगणकाच्या नकाशावर आमची वस्ती आता एक ठिपका आहे. अक्षांश-रेखांश घातले की तो बरोबर नाल्याच्या अलीकडे बसतो. यात माझी काही तक्रार नाही; ठिपके बसवण्यावरच माझं पोट चालतं. पण ठिपक्याशेजारी नावाचा रकाना असतो आणि त्याखाली आणखी एक, लोक वापरतात त्या इतर नावांचा. साहेब म्हणतात, जागा म्हणजे नुसते आकडे नव्हेत, लोक तिला काय म्हणतात तेही नकाशात आलं पाहिजे. त्यांचं बरोबर आहे. तरी तो दुसरा रकाना दिसला की माझं डोकं फिरतं.

विद्यापीठाच्या नामांतराची वर्षं होती ती. कुठंकुठं आमच्या लोकांच्या वस्त्या जळाल्या होत्या. बोरीकडच्या आमच्या गावात घरं वाचली, बोलणं तेवढं तुटलं. त्याच सुमारास आमच्या माणसांनी वस्तीचं जातीवरून पडलेलं जुनं नाव टाकलं आणि भीमनगर ठेवलं. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, निळ्या रंगात पाटी रंगवली. ती कुणीतरी उपटून नेली. मग वस्तीनं ठरवलं, जुनं नाव तोंडातून काढायचं नाही. पारावरच्यांनी ठरवलं, नवं काढायचं नाही. माझ्या तोंडून एकदा चुकून जुनं निघालं, तर मायनं लग्नाच्या वयाच्या घोडीच्या, म्हणजे माझ्या, थोबाडीत मारली होती.

तेव्हाच आक्का, माझी थोरली बहीण, बाळंतपणाला आली होती. पहाटे कळा सुरू झाल्या आणि ऊन वर आलं तरी सुटका होईना. सुईण घाबरली. "माझ्या हातचं न्हाई आता, दवाखान्यात न्या," म्हणाली. दादा सायकलवर गेले. दवाखान्याची जीप दुसऱ्या गावी गेलेली. आली की पाठवतो, पत्ता सांगून जा, असं त्यांना सांगितलं. दादांनी ताठ मानेनं गावाचं नाव सांगितलं, भीमनगर सांगितलं, आणि परत येऊन फाट्यावर वाट बघत उभे राहिले. फाट्याचा रस्ता उखडलेला म्हणून ड्रायव्हर मागच्या वाटेनं आला, थेट पारापाशी.

अंगणातून आम्हाला गाडी दिसली. आक्का ओरडायची थांबली होती आणि मला त्याचीच जास्त भीती वाटत होती. "आली गं माय, गाडी आली!" मी म्हणाले. ड्रायव्हर खाली उतरला, पारावरच्यांशी बोलला, पुन्हा आत बसला. आता इकडं येईल म्हणून मी आक्काला उठवायला गोधडी सारली. गाडी वळली, पण आल्या वाटेनं परत निघाली.

माय पळाली. मी तिच्या मागं, ढेकळांतून, अनवाणी. "थांबा वो! भीमनगर हिकडं हाय, थांबा!" माय ओरडत होती. गाडीत ऐकू जाईना. पारावर ऐकू जात होतं, पण तिथले नुसते बघत बसलेले, एकाचाही हात वर होईना. देवा, किती राग आला होता मला, आणि किती लाचार वाटत होतं! मग मायनं पाराकडं तोंड केलं आणि जीव खाऊन ते जुनं नाव घेतलं. मी ते इथंही लिहिणार नाही. "तिथली हाय वो मी, माझी लेक मरायलीय, गाडी थांबवा!"

पारावरून एकानं शिट्टी मारली. गाडी थांबली.

ड्रायव्हर वैतागला होता. "मावशी, मी विचारलं की. भीमनगर कुठं आलं म्हनलं, तर म्हनले, असलं काई आमच्या गावात न्हाई. मला वाटलं, गावच चुकलं."

आक्का वाचली. बाळ गेलं. मुलगी होती. थोडं आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ते थोडं कुठं गेलं ते मला ठाऊक होतं.

दादा धापा टाकत दवाखान्यात आले. बाळाचं आणि गाडीचं कळल्यावर भिंतीला टेकून खाली बसले. मग त्यांनी विचारलं, "गाडी तर परत चालली व्हती म्हनं. थांबवली कशी?"

"आवाज देला, थांबली," माय म्हणाली.

आणि उठून नळावर गेली. तिथं ती चुळा भरत राहिली. मला वाटलं, तिला मळमळतंय. मी पाठ चोळायला गेले, तर तिनं माझा हात झटकला आणि पुन्हा ओंजळ नळाखाली धरली.