संध्याकाळचा पेशंट

वाईट बातमी सांगायला पेशंटच्या नातेवाईकांना बाजूला बोलावणं आता माझ्या अंगवळणी पडलंय. कॉटपासून थोडं दूर न्यायचं, आवाज खाली ठेवायचा, आधी बसायला सांगायचं. त्या दुपारी आमच्या इन्चार्ज सिस्टरनी मला तसंच बाजूला बोलावलं आणि "वर्षा, आधी बस," म्हणाल्या. तेव्हाच मला कळलं. ड्युटीवर आमचे फोन लॉकरमध्ये असतात, म्हणून मिलिंदनं, माझ्या नवऱ्यानं, वॉर्डच्या नंबरवर फोन केला होता. मामा गेले होते. जेवून आडवे झाले, छातीत कळ आली, शेजाऱ्यांनी रिक्षात घालेपर्यंत सगळं संपलं होतं... हातातला इंजेक्शनचा ट्रे मी दुसऱ्या सिस्टरकडे दिला, कुठल्या पेशंटचं काय राहिलंय ते नीट सांगितलं, आणि मग मात्र खाली जायची लिफ्ट कुठे आहे हेच मला आठवेना.

मामा म्हणजे माझे सासरे. आमच्या परभणीकडे सासऱ्यांना मामाच म्हणतात. तुर्भ्याच्या एका कंपनीत मशीनसमोर उभं राहून त्यांचं आयुष्य गेलं आणि त्यातूनच कोपरखैरण्यातलं आमचं बैठं घर उभं राहिलं. बारावी सायन्स करून मी या घरात सून म्हणून आले, तेव्हा सासूबाई हयात नव्हत्या. आमची प्रज्ञा शाळेत जायला लागली आणि एका रविवारी जेवताना मामांनीच मिलिंदकडे विषय काढला. "बारावी शिकलेली पोरगी नुसती भाकरी करायली घरात. नर्सिंगला का घालत न्हाईस हिला?" मिलिंद म्हणाला, घरचं कोण बघणार? मामा म्हणाले, "मी काय मेलो का?" एवढ्यावर माझं ॲडमिशन ठरलं.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, नर्सिंग म्हणजे पांढरे कपडे आणि सुया. खरं तर ते झोपेशी भांडण असतं. पहाटे उठून डबे, सकाळी वॉर्डात पोस्टिंग, दुपारी लेक्चर, घरी येऊन स्वयंपाक आणि सगळं आवरल्यावर दुसऱ्या दिवशीचा केअर प्लॅन लिहायचा. हाडांची इंग्रजी नावं मी भाकऱ्या थापताना पाठ करायची. वर्गातल्या मुली मला 'ताई' म्हणायच्या आणि माझ्यापेक्षा चौपट वेगानं लिहायच्या. तरी अभ्यास एक वेळ जमला असता. माझं अडलं ते भलतीकडेच. पहिल्या वर्षाच्या सराव परीक्षेत एका म्हाताऱ्या पुरुष पेशंटला स्पंजिंग करायचं होतं, म्हणजे ओल्या फडक्यानं अंग पुसून द्यायचं. माझे हात इतके थरथरले, की पाणी त्याच्या अंगावर कमी आणि गादीवर जास्त सांडलं. ट्यूटर मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, "वर्गातल्या सरावाच्या पुतळ्याला तू छान आंघोळ घालतेस, वर्षा. माणसाला हात लावायला घाबरतेस. अशानं फायनलला मी तुला बसवू कशी?"

त्या संध्याकाळी मी रडत कांदा चिरत होते, म्हणजे रडणं लपवायला कांदा चिरत होते. मामांनी ते ओळखलं. खोदून विचारलं तेव्हा मी सांगितलं. ते उठून दिवाणवर चक्क आडवे झाले आणि हात पुढे करून म्हणाले, "धर. मी पेशंट हाय." मला काय करावं कळेना. लग्न होऊन इतकी वर्षं झाली होती, पण पाया पडण्यापलीकडे मी मामांना कधी स्पर्श केला नव्हता. ताटसुद्धा समोर ठेवून मागे सरकायची. मी म्हटलं, "मामा, असं कसं..." ते म्हणाले, "तुझी सासू दवाखान्यात होती तवा एक शिस्टर यायची. पांघरुन काढायच्या आधी इचारायची, काढू का बाई म्हनून. मरायला टेकलेल्या बाईला कोन इचारतंय गं? ती इचारायची. तसली शिस्टर व्हायला आधी हात तर लावावा लागंल का न्हाई?"

मी त्यांची नाडी धरली. ठोके मोजायचे होते, पण मला माझेच ऐकू येत होते.

मग तो नेमच झाला. संध्याकाळचा चहा झाला, की मामा पेशंट व्हायचे. मी बीपीचा पट्टा बांधायची, ताप बघायची, कूस बदलून द्यायला शिकायची, पाठ पुसायची. त्यांना त्यात भलताच रस यायला लागला. एक दिवस जाहीर करायचे, "आज मी भयरा हाय," आणि मी कितीही ओरडले तरी ढिम्म हलायचे नाहीत. कधी किरकिरे पेशंट व्हायचे, कधी घाबरलेले. प्रज्ञा उशाशी बसून त्यांची नातेवाईक व्हायची आणि "माझ्या पेशंटला कधी सोडणार?" म्हणून मला भंडावून सोडायची. एकदा मी त्यांच्या डोक्याला बँडेज बांधत असताना शेजारच्या काकू साखर मागायला आल्या आणि "अगं बाई, कुठे पडले?" म्हणत तशाच उंबऱ्यात मटकन बसल्या. मामांनी कण्हून दाखवलं. काकूंची समजूत घालताना आमची हसून पुरेवाट झाली. माझ्या हाताची थरथर कधी गेली, ते मला कळलंसुद्धा नाही. पहिलं वर्ष पास झाले, दुसरंही झाले.

तिसऱ्या वर्षाची परीक्षा तोंडावर आली आणि मामांची लघवी अडली. तपासण्यांत प्रोस्टेट वाढलेलं निघालं. दवाखान्यात नळी घालून पिशवी लावली आणि ऑपरेशनची तारीख येईपर्यंत घरी पाठवलं. मला अभ्यासाची सुट्टी होती, मी दिवसभर घरातच. पण मामांनी मिलिंदला बजावून ठेवलं होतं, पिशवीचं काम तूच करायचं, ड्युटीवर जाताना आणि आल्यावर. मी जवळ गेले, की ते चादर ओढून घ्यायचे. मी समजून घेतलं आणि पुस्तकात डोकं घातलं. एका दुपारी त्यांना औषध द्यायला गेले, तर तोंड कोरडं पडलेलं, डोळे लाल, कपाळ गरम. पिशवीतली लघवी कडक चहासारखी. तांब्या मात्र रिकामा. खिडकीतल्या कोरफडीच्या कुंडीतून पाणी निथळत होतं.

"मामा, पाणी पिता का तुम्ही?"

"पितो की."

"मग कुंडीत कुणी ओतलं?"

 ते हळूच म्हणाले, "पिशवी लई भरती गं... मिलिंद संध्याकाळी येतो."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यावर ओरडले. म्हटलं, एवढी वर्षं माझ्यासमोर रोज पेशंट होऊन झोपलात, ते कशासाठी? ते म्हणाले, "तवा खोटं होतं, पोरी. खोट्यात लाज नसती. आता खरं हाय."

 मी तांब्या भरून आणला आणि तिथेच खाली बसून राहिले. मला रडू येत होतं, पण ह्या वेळी मी ते लपवलं नाही. बऱ्याच वेळानं त्यांनी तांब्या उचलला आणि घोट घोट करत सगळा संपवला. "कर तुला काय करायचं ते," म्हणाले. "पर तोंड तिकडं कर." मी म्हटलं, "तोंड तिकडं करून नळी कशी साफ करू, मामा?" त्या तापातही त्यांना हसू आलं. "चादर काढू का?" मी विचारलं, त्यांनी मान हलवली आणि टॉवेल तोंडावर ओढून घेतला. मी पुस्तकात होतं तसं सगळं केलं, घाई न करता. दुसऱ्या दिवशी टॉवेल उशाशीच राहिला.

ताप मात्र उतरला नाही. त्यांना दवाखान्यात भरती करावं लागलं आणि माझी प्रॅक्टिकल दुसऱ्याच दिवशी होती. मी म्हटलं, नाही जात, सहा महिन्यांनी पुन्हा बसेन. सलाइन लावलेला हात उचलून ते म्हणाले, "इथं नर्शी ढीगभर हायत. तिकडं तुझ्या नंबरावर दुसरं कोन बसनार हाय का? जा." मी गेले. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या मॅडमनी विचारलं, नळी घातलेल्या पेशंटला मुख्य त्रास कोणते? मी जंतुसंसर्ग सांगितला, नळी तुंबणं सांगितलं, जखम सांगितली. "आणखी?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "लाज, मॅडम. लाजेपायी पेशंट पाणी पीत नाही." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, काहीतरी लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला. मार्क किती दिले माहीत नाही. मी पास झाले. मामाही ऑपरेशन होऊन बरे झाले, आणि निकालाचे पेढे साऱ्या गल्लीत त्यांनीच फिरून वाटले.

मला नोकरी लागली तशी मामांनी स्वतःहून एक काम अंगावर घेतलं. माझ्या युनिफॉर्मला इस्त्री करायचं. मी नको म्हटलं, मिलिंद नको म्हणाला, पण कंपनीतल्या माणसाला रिकामं बसवत नाही. रविवारी दुपारी जमिनीवर घोंगडी अंथरायची, पाण्याचा हात मारायचा आणि बाहीची घडी अशी पाडायची, की वॉर्डातल्या मुली विचारायच्या, "सिस्टर, कुठल्या लाँड्रीत देता?" मी घरी येऊन ते सांगितलं, की त्यांना दिवसभर पुरायचं.

ते गेले तो मंगळवार होता, म्हणजे त्या आठवड्याचे युनिफॉर्म त्यांनीच करून ठेवले होते. मामांच्या दिवसांचा, जलदानाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गावाला परतले, मी कामावर रुजू झाले. बाकीचे वापरून झाले, पण शेवटचा एक हँगरवरून काढवेना. कपाट उघडलं, की बाहीची ती घडी दिसायची आणि मी दुसराच चुरगळलेला घालून जायची. परवा मात्र सगळे धुवायला पडले होते. मिलिंद म्हणाला, "घाल गं. ठेवून द्यायला केला होता का त्यांनी?"

मी घातला. दिवसभर वॉर्डात गर्दी होती. एका आजोबांना उठवून बसवताना त्यांनी माझी बाही गच्च धरली, बराच वेळ सोडली नाही... मीही सोडवली नाही. संध्याकाळी घरी आले तेव्हा घडी पार मोडली होती, खिशापाशी औषधाचा पिवळा डाग पडला होता. मी तो धुतला, दोरीवर टाकला. आज रविवार आहे. जमिनीवर घोंगडी अंथरलीय, इस्त्री तापत ठेवलीय. घडी त्यांच्यासारखी पडणार नाही, हे मला माहीत आहे.